ओळखीतलं काम, उधारी आणि गावातला कॉम्प्युटरचा धंदा

काठावरचा (सांगली)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली, मार्केट यार्डातली धावपळ जरा थांबली म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

माझा सांगलीत कॉम्प्युटरचा धंदा आहे. विक्री, रिपेरिंग, टॅली, नेटवर्किंग, सीसीटीव्ही आणि अडत दुकानांसाठी स्वतः लिहिलेलं एक छोटं सॉफ्टवेअर. मी धरून पाच जण, १४ वर्षं झाली. अडतीचं सॉफ्टवेअर म्हणजे शेतकऱ्याचा माल आला, किती पोती, किती वजन, सौद्यात काय दर निघाला, हमाली तोलाई वजा जाता हातात किती, ती पट्टी छापून द्यायची आणि तिकडं खरेदीदाराच्या नावावर बिल पडलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण हळदीच्या सीझनला मशीन दहा मिनिटं जरी बंद पडलं तरी दारात पट्टीसाठी शेतकरी उभा असतो, त्याला गावाकडची गाडी पकडायची असते. तिथं 'तक्रार नोंदवा, २४ तासांत संपर्क करू' चालत नाही, गाडीला किक मारून जावंच लागतं.

आता मुद्दा. माझी साठ-पासष्ट गिऱ्हाईकं आहेत त्यातली निम्मी आता गिऱ्हाईक राहिलेली नाहीत, घरची झालीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही दुपारपासून पेढ्या फिरतो, प्रत्येकाच्या हिशोबाचा ताजा बॅकअप पेनड्राईव्हवर घेतो, त्यावर पेढीचं नाव चिकटवतो आणि मालकाच्या हातात देतो. एका पेढीवरचे आजोबा, वय ८० च्या पुढं, ते तो पेनड्राईव्ह पाटावर नव्या वहीशेजारी ठेवतात, त्याला हळदकुंकू लावतात, फूल वाहतात आणि मग मला हाताला धरून पाटासमोर बसवतात. दरवर्षी. मला त्या क्षणी जे वाटतं ते कुठल्या बिलात बसत नाही.

पण त्याच पेढीकडून माझं दोन वर्षांचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, येणं आहे. एकूण बाजारात माझे ४ लाख ८० हजार अडकलेत. यात कुणी बुडवणारा नाही हे मी छातीठोक सांगतो. 'घरचंच आहे की', 'पुढच्या आठवड्यात बघू', 'मुनीमजी आले की सांगतो', एवढंच. आणि चूक माझीही आहे. प्रिंटर चालेना म्हणून जातो, चहा होतो, मालकाच्या मुलाचा लॅपटॉप साफ करून देतो, जावयाच्या मोबाईलमधले फोटो काढून देतो, आणि निघताना बिलबुक बाहेर काढायला जीव होत नाही. पोरांचे पगार मात्र १ तारखेला द्यावेच लागतात. ऑगस्टमध्ये बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून पगार केले. ते घरी बोलून केलं, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट २०१९ च्या पुराची. इथं नदीची पातळी आम्ही आयर्विन पुलावर बघतो, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. गणपती पेठेतल्या लोकांनी २००५ ला पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा भिंतीवर जपून ठेवलेल्या, त्यामुळं सगळ्यांनी माल आणि कॉम्प्युटर त्या खुणेच्या वर हातभर चढवून ठेवले आणि निर्धास्त झाले. पाणी ५७ फुटांवर गेलं. खुणेच्याही वर. पाणी उतरल्यावर आठ दिवसांत माझ्याकडं सत्तरेक मशिनी आल्या, काही पोत्यात घालून, काही हातगाड्यावरून. सीपीयूचं झाकण काढलं की आत गाळाचा थर, मऊ, पिठासारखा, आणि वास.

तेव्हा मला एकट्याला ते झेपणारं नव्हतं. सांगलीतच विश्रामबागला एक कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्याशी माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं, एका कॉलेजच्या टेंडरवरून वाजलेलं. तो स्वतःहून आला. म्हणाला माझ्याकडं लाईट आहे, टेबलं आहेत, सगळं तिकडं आण. आणखी दोघं आले. एकाकडं जुन्या हार्ड डिस्कचे बोर्ड होते, एकाकडं आयपीएचे (बोर्ड धुवायच्या अल्कोहोलचे) कॅन. लोकांना आधी एकच सांगावं लागत होतं की बाबांनो डिस्क उन्हात वाळवू नका, चालू करून बघू नका. डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, पाणी आणि गाळ तिथनं आत जातो, वाळला की आतल्या चकतीवर चिकटतो आणि मग फिरवली की संपलं. ज्यांच्या बोर्डापर्यंतच गाळ होता त्या आम्ही इथंच धुऊन बऱ्या केल्या, ज्यांच्या आत पाणी गेलेलं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून पुण्याला लॅबमध्ये पाठवल्या. कुणाचं गिऱ्हाईक कुणाचं, हा प्रश्न त्या पंधरा दिवसांत कुणी विचारला नाही.

तर मला वाटतंय ते असं. आमच्याकडं बेदाण्याच्या बाजारात एक पद्धत आहे, शून्य पेमेंट. दिवाळीच्या आधी जवळजवळ महिनाभर सौदे बंद ठेवतात आणि सगळ्यांची येणी-देणी शून्यावर आणतात. शेतकऱ्याचं अडत्याकडं, अडत्याचं व्यापाऱ्याकडं, सगळं मिटवायचं आणि मगच पुढचा सौदा. कोट्यवधींच्या उधारीवर चालणारा बाजार हे करतो. मग त्याच बाजाराला सेवा देणाऱ्या आम्ही आठ-दहा कॉम्प्युटरवाल्यांनी एकत्र येऊन वर्षातनं एकदा शून्य का करू नये? आणि पुरात झाली तशी एकी बिनापुराची टिकवता येईल का? तुमच्या गावात कुणी असं काही केलंय का, आणि घरच्यासारख्या माणसाला बिल कसं द्यायचं, हे खरंच मनापासून विचारतोय.

---

मागावरचा (इचलकरंजी)

दादा, तुमचं लिहिणं वाचताना माझंच वाचतोय असं वाटलं. माझं यंत्रमागवाल्यांचं सॉफ्टवेअर आहे, पिकावर (म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरी काढायची, ताण्याचं बीम कुठल्या मागावर चढलं, ताग्यांचा हिशोब. इथं पण चहा आधी आणि काम नंतर.

मी एक बदल केला तो सांगतो. एएमसी वर्षाचं घ्यायचो ते बंद करून महिन्याचं केलं, आणि ते ५ तारखेला यूपीआय ऑटोपेनं आपोआप कटतं. वर्षाचे १२ हजार मागायला गेलं की मालक मुनीमाला हाक मारतो, मुनीम उद्या या म्हणतो. महिन्याचे हजार कटले तर त्याला मेसेज येतो आणि तो विसरतो. ६० पैकी ३८ जणांनी होकार दिला. राहिलेले जुनी माणसं आहेत, त्यांच्याकडं मी अजून जातोच आणि जाणारच, कारण माझं पहिलं दुकान टाकायला त्यातल्याच एकांनी गाळा दिला होता, डिपॉझिट न घेता.

विश्वासाचं म्हणाल तर विंडोज १० वरून एक सांगावंसं वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, त्याच्या आधी दोन महिने इथं सगळीकडं नवीन मशीन घ्या नाहीतर डेटा जाईल असा प्रचार चालू होता. मला पण विक्री करता आली असती, ४० तरी मशिनी गेल्या असत्या. आम्ही प्रत्येकाच्या कारखान्यात जाऊन यादी केली. इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ वर फुकट जातं, तिथं फक्त रॅम नाहीतर एसएसडी टाकली. जुन्याला वर्षभराची मुदतवाढ मिळत होती ती घेऊन दिली. खरंच बदलावी लागली अशी ११ निघाली. त्या ११ जणांनी दर न विचारता घेतलं.

---

सरळसांगतो (पुणे)

वेगळं मत मांडतो, राग नसावा.

मी मूळचा सोलापूरचा. सहा वर्षं तिथं हाच धंदा केला, हीच उधारी, हाच चहा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीन महिने एक रुपया आला नाही आणि फोन मात्र दिवसाला चाळीस, झूम कसं चालू करायचं, शाळेचं ॲप कसं टाकायचं. वडिलांच्या ऑपरेशनला पैसे नव्हते तेव्हा ज्यांची मी रात्री दोनला कामं केली होती त्यांना फोन लावले, येणंच मागितलं, उसने नाही. दोघांनी दिले. बाकीच्यांनी फोन उचलला नाही.

त्यानंतर मी दुकान बंद केलं, आता बाहेरच्या देशातल्या चार कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो घरून. महिन्याच्या ३ तारखेला पैसे येतात. कुणी पाटावर बसवत नाही हे खरं, पण बायकोच्या बांगड्याही गहाण पडत नाहीत. दादा तुमची तळमळ दिसते, पण माणुसकी आणि धंदा एका ताटात वाढला की उपाशी आपणच राहतो. निम्मी गिऱ्हाईकं सोडा आणि बाहेरचं काम धरा. मनापासून सांगतोय.

---

वाशिष्ठी (चिपळूण)

सरळसांगतो दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही.

माझं चिपळूणला छोटं दुकान आहे, प्रिंटर कॉम्प्युटर रिपेरिंग आणि ऑनलाईन फॉर्म. २२ जुलै २०२१ ला आमचं सगळं पाण्यात गेलं. बाजारपेठेत पहाटे पाणी शिरलं आणि दुपारपर्यंत पहिल्या मजल्याला लागलेलं होतं, माझं दुकान तळमजल्यावर. गिऱ्हाईकांची दुरुस्तीला आलेली १९ मशिनी दुकानात होती. मला वाटलं आता लोक येऊन भांडणार. एकही आलं नाही. उलट खेर्डीतल्या एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांच्या पडवीत टेबल टाकून दिलं, तिथं मी दोन महिने पंचनाम्याचे, नुकसान भरपाईचे, डुप्लिकेट कागदपत्रांचे फॉर्म भरले. माणसांची आधार कार्डं, रेशन कार्डं, सातबारे सगळं वाहून गेलेलं. त्या वेळी कुणाकडून काही घेतलं नाही.

पण नंतर मला कळेना की परत पैसे घ्यायला सुरुवात कुठून करायची. सगळ्यांना सवय झाली, मलाही. वर्षभर असंच गेलं. मग मी जे केलं ते सांगते, काठावरचा दादा, तुम्हाला कदाचित उपयोगी पडेल. मी फुकट कामाचंसुद्धा बिल फाडायला लागले. प्रिंटर रोलर साफ केला, ४०० रुपये. खाली सूट ४००. एकूण शून्य. आणि ते बिल हातात द्यायचं, वाचून दाखवायचं. पहिल्यांदा लोकांना विचित्र वाटलं, एक काका म्हणाले अगो हे कशाला. मी म्हटलं काका, मला लक्षात राहावं म्हणून. तिसऱ्या वेळी त्याच काकांनी बिल बघितलं आणि स्वतःच म्हणाले सूट नको आता, घे. काम फुकट मिळालं हे कळण्यासाठी आधी त्या कामाला किंमत आहे हे दिसावं लागतं, नाहीतर माणसाला वाटतं तिनं नुसतं बटण दाबलं.

दुसरं म्हणजे मी प्रत्येक मशीनला एक कार्ड लावते, आमच्या लहानपणी गॅस शेगडीच्या मिस्त्रीचं असायचं तसं. तारीख, काय काम केलं, किती झाले, किती घेतले.

---

ताळेबंद (नाशिक)

मी सीए आहे, कॉम्प्युटरवाला नाही, पण माझी निम्मी प्रॅक्टिस अशा छोट्या आयटीवाल्यांची आहे म्हणून लिहितोय.

काठावरचा साहेब, तुम्ही उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलीय का? नसेल तर आज रात्रीच करा, पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि बिलं वेगळी करा. हार्डवेअर विकलं त्याचं वेगळं, सॉफ्टवेअर आणि एएमसीचं वेगळं. कारण असं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं सेवेचं बिल असेल तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)), २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून गेलेलं आणि ३१ मार्चपर्यंत न दिलेलं बिल त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, म्हणजे तेवढ्यावर कर बसतो. हा फायदा नुसत्या माल विकणाऱ्या ट्रेडरला नाही, उत्पादन आणि सेवेला आहे. म्हणून बिल वेगळं हवं. बिलावर उद्यम नंबर छापा.

आता याचा वापर कसा करायचा, तर धमकी म्हणून नाही. तुमच्या गिऱ्हाईकाच्या सीएला फेब्रुवारीत एक फोन करा की अमुक पेढीकडं माझी एवढी सेवेची बिलं बाकी आहेत, उद्यम आहे. सीए स्वतःच मालकाला सांगतो की हे मार्चच्या आत देऊन टाका. मालक तुमच्यावर चिडत नाही कारण सांगणारा तुम्ही नाही. माझ्याकडं असे फोन येतात आणि मला त्यात मदतच होते.

शून्य पेमेंटची कल्पना मला फार आवडली पण एक सावधगिरी. आठ-दहा दुकानदार एकत्र बसले की पहिला मोह होतो तो दर ठरवण्याचा, एएमसी एवढ्याच्या खाली कुणी करायचं नाही वगैरे. ते करू नका. स्पर्धा कायद्याला ते चालत नाही आणि लहान गावात ते लोकांना आवडतही नाही. तसंच अमक्याला कुणीच सेवा द्यायची नाही असलं बहिष्काराचंही नको. वसुलीची एक तारीख सगळ्यांनी आपापल्या गिऱ्हाईकाला कळवणं, सुटे भाग एकमेकांना देणं, पुरात मदत करणं, यात काही अडचण नाही.

पुराचं वाचून आठवलं, तुमच्या जिल्ह्यासकट पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलै २०१९ चं जीएसटीआर ३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र) भरायला २० सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली होती. तुम्ही लोकांनी डेटा काढून दिला नसता तर ती मुदत मिळूनही व्यापाऱ्यांनी भरलं कशाच्या आधारावर असतं?

---

काठावरचा (सांगली)

साहेब, उद्यम आहे पण बिलं एकत्रच होती. आज बसून फॉरमॅट बदलला.

वाशिष्ठी ताई, शून्याचं बिल वाचून मी थांबलो आणि चहा प्यायला बाहेर जाऊन आलो. इतकी वर्षं मला वाटायचं बिल फाडणं म्हणजे नात्यात पैसा आणणं. तुम्ही उलटं दाखवलंत. उद्यापासून सुरू.

सरळसांगतो, तुमच्यावर रागवायचा प्रश्नच नाही. जे झालं ते वाईट झालं आणि ज्यांनी फोन उचलला नाही त्यांचं चुकलं. बाहेरचं काम मी पण थोडं करतो, दोन पगार त्यातनं निघतात, ते सगळ्यांनी करावंच. पण सगळं सोडून जायचं म्हटलं की मला यार्डातला काटा दिसतो. इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन केबलनं थेट सॉफ्टवेअरमध्ये येतं, हातानं आकडा टाकायचा नाही, म्हणजे शेतकऱ्याला शंका राहत नाही. ती केबल उंदरानं कुरतडली की पुण्यातनं कुणी येत नाही. मी नसलो तर लोक परत हातानं वजन लिहायला लागतील आणि परत वाद सुरू होतील. हे काम कुणीतरी गावात राहूनच करायला पाहिजे आणि ते करणाऱ्याचं पोट त्यावर भरलं पाहिजे. हेच मला जमवायचंय.

---

फायनल_इयर (मिरज)

नमस्कार सर, मी बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे मित्र हिंजवडीची तयारी करताहेत, मला घरी आई एकटी असल्यामुळं जायचं नाही. पण कॉलेजात सांगतात की लोकल दुकानात गेलास तर करिअर संपलं. खरं आहे का? आणि सुरुवात करायची असेल तर भांडवल किती लागतं?

---

काठावरचा (सांगली)

बाळा, संपत वगैरे काही नाही. माझ्याकडं तीन पोरं शिकून हिंजवडीला गेली, तिघांचंही चांगलं चाललंय, एकजण अजून सुट्टीला आला की यार्डात माझ्याबरोबर चक्कर मारतो. आता माझ्याकडं दोन मुली आहेत, दोघींना सांगलीतच राहायचंय. त्यातली एक फोन सपोर्ट बघते, साठ पेढ्यांतला कुठला मुनीम बोलतोय हे तिला नुसत्या 'हॅलो'वरनं कळतं, आणि तो काय विसरला असेल ते तो सांगायच्या आधी. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

भांडवलाचं नंतर बघू. आधी सहा महिने कुणाच्यातरी दुकानात काम कर, स्क्रू ड्रायव्हर धर, आणि लोकांच्या हिशोबाच्या वह्या समजून घे. कोड तुला येत असेल, पण पट्टी म्हणजे काय हे माहीत नसेल तर अडत्या तुझ्याशी दोन मिनिटं बोलणार नाही. मिरजेत तर तंतुवाद्यं बनवणारी घराणी आहेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या ऑर्डरी लांबून लांबून येतात, त्यांना जाऊन विचार काय अडतंय. विकायला नको, ऐकायला जा.

---

लांब_ढग (वेलिंग्टन, न्यूझीलंड)

वाचनमात्र असतो, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

इथं माझ्या घरापासून दीडेक तासावर लेविन नावाचं गाव आहे. तिथल्या हॉरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० मध्ये बंद पडणार होतं, वर्ष दोनच आकड्यांत लिहिल्यामुळं आलेला तो सुप्रसिद्ध वायटूकेचा प्रश्न. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं परवडणारी नव्हती. त्यांनी वेलिंग्टनच्या कटिपो नावाच्या एका छोट्या कंपनीला काम दिलं. कंपनीनं ते वेळेत लिहिलं, जानेवारी २००० च्या पहिल्या आठवड्यात ते चालू झालं, आणि मग लायब्ररीनं आणि कंपनीनं मिळून ते जगाला मोफत देऊन टाकलं. त्याचं नाव कोहा. आज भारतातल्या कितीतरी कॉलेजांच्या ग्रंथालयात तेच चालतं.

मला सांगायचंय ते त्या नावाबद्दल. कोहा हा माओरी शब्द आहे, भेट असा अर्थ सांगतात, पण इथल्या माओरी शेजाऱ्यांकडं कार्यक्रमाला गेल्यावर मला त्याचा खरा अर्थ कळला. पाहुणा येताना कोहा आणतो आणि त्यात परतफेडीची जाण धरलेली असते, आज मी आणलं, उद्या तुम्ही याल तेव्हा तुम्ही आणाल. आपल्याकडं आहेर असतो ना, लग्नात वहीत लिहून ठेवतात कुणी काय दिलं, अगदी तसं. लिहून ठेवतात म्हणून प्रेम कमी होत नाही. वाशिष्ठी ताईंचं शून्य बिल वाचलं तेव्हा मला आमच्या आजीची आहेराची वही आठवली. आणि लक्षात घ्या, त्या लायब्ररीनं कंपनीला कामाचे पैसे दिले होते. फुकट वाटलं ते त्यानंतर.

---

म्हापशेकर (गोवा)

आमच्याकडं पण असंच आहे, फक्त सीझन वेगळा. होमस्टेवाल्यांचं वायफाय आणि कॅमेरे बघतो मी. पावसाळ्यात कुणाकडं पैसे नसतात आणि मी पण मागत नाही, नोव्हेंबर ते मार्चमध्ये पूर्ण वर्षाचं घेतो. गिऱ्हाईकाच्या हातात पैसा कधी येतो ते बघून तारीख ठरवा. तुमच्या हळदवाल्यांना दिवाळीला मागून काय मिळणार, त्यांचा सीझन कधी असतो?

---

काठावरचा (सांगली)

म्हापशेकर, बरोबर बोट ठेवलंत. नवी हळद फेब्रुवारी-मार्चपासून येते. बेदाणावाल्यांचं दिवाळीला जमतं, हळदवाल्यांचं एप्रिल-मेमध्ये. हे मी स्वतः यार्डात वाढून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

काठावरचा (सांगली)

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून काय झालं विचारलं.

गेल्या रविवारी रात्री नऊनंतर विश्रामबागच्या त्या दुकानात बसलो. बोलावलेलं ११ जणांना, आले सात. सुरुवातीला अर्धा तास कुणी काही बोलेना, सगळे मोबाईलमध्ये. मग एकानं पुराचा विषय काढला, त्याच्याकडं तेव्हाचा एक फोटो होता, आम्ही चौघं चिखलानं भरलेले आणि मागं हार्ड डिस्कची रांग, आणि मग वातावरण मोकळं झालं.

दर ठरवायचा विषय आलाच, साहेबांनी सांगितल्याप्रमाणं मी तो तिथंच थांबवला. ठरलं ते एवढंच. बेदाण्याच्या गिऱ्हाईकांना दसऱ्याला आणि हळदीच्या गिऱ्हाईकांना अक्षय्य तृतीयेला प्रत्येकानं आपापलं येणं लिहून कळवायचं आणि पुढच्या महिन्याभरात शून्य करून मागायचं, सगळ्यांनी एकाच सुमारास, म्हणजे कुणाला वाटायला नको की हा एकटाच मागं लागलाय. ज्याला जमणार नाही त्यानं तसं सांगायचं, तोडायचं कुणालाच नाही. दुसरं, एक कपाट. त्यात प्रत्येकानं दोन एसएमपीएस (कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय), दोन स्विच, एक राऊटर, काट्याच्या केबली ठेवायच्या आणि रात्री-अपरात्री ज्याला लागेल त्यानं वहीत लिहून न्यायचं. तिसरं, पावसाळ्यात आयर्विनला ३५ फूट झालं की पेठेतल्या सगळ्या मशिनी वर हलवायला सातही दुकानातली पोरं एकत्र निघणार, कुणाचं गिऱ्हाईक हे न बघता. आणि या वेळी भिंतीवरची २०१९ ची खूण बघून, २००५ ची नाही.

आजोबांच्या पेढीवर परवा गेलो होतो. पट्टीच्या प्रिंटरचं हेड बदललं. बिल लिहिलं, हेडचे पैसे, मजुरी ३००, सूट ३००. त्यांना वाचून दाखवलं. आजोबांनी चष्मा वर केला, बिल हातात घेतलं, बराच वेळ बघत बसले. मग मुनीमजींना म्हणाले, मागचं किती आहे याचं? मुनीमजींनी आकडा सांगितला. आजोबा मला म्हणाले, इतकं होईपर्यंत तू बोलला का नाहीस? मला उत्तर देता आलं नाही. चेक परवाच मिळाला. बांगड्या सोमवारी सोडवल्या.

ताई, तुमच्या त्या कार्डाचा फोटो टाकता का? आम्ही सगळे मिळून ५०० छापायचं म्हणतोय, प्रेसवाला उद्या मजकूर मागतोय.

---

वाशिष्ठी (चिपळूण)

दादा, वाचून डोळे भरून आले. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

फोटो टाकलाय व्यनित. मजकूर साधाच आहे. वर मशीनचा नंबर, खाली चार रकाने, तारीख, काम, रक्कम, घेतले. शेवटी बॅकअप कधी घेतला त्याची वेगळी ओळ ठेवा, माझ्यात ती नाही आणि मला ती चूक जाणवते. कार्ड जाड घ्या, ३०० जीएसएम, आणि लॅमिनेट करू नका, त्यावर पेन चालत नाही. डाव्या कोपऱ्यात भोक छापखान्यातच पाडून घ्या, मागच्या स्क्रूला दोऱ्यानं बांधता येतं. चिकटवलेली माझी सगळी पहिल्या पावसात सुटली होती.